कराने मापलेला स्ट्रोक

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. लहानपणी काका तिथे जुनी अँबॅसेडर फारसे गियर न बदलता चढवायचे. माझी सेकंडहँड स्विफ्ट मात्र लगेच खालचा गियर मागते. का बरं?

आकडे काढले आणि उडालोच. अँबॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन, स्विफ्टचं ११९७. बोअर दोन्हीचा ७३ मिमी! फरक फक्त स्ट्रोकचा: ८८.९ आणि ७१.५.

स्ट्रोक लांब की सीसी वाढते, पण पिस्टनची धावपळही वाढते. कनेक्टिंग रॉड जास्त तिरका होऊन पिस्टनला भिंतीवर रेटतो. रॉड लांब करावा, तर इंजिन उंच होतं.

मग इतका लांब स्ट्रोक कशाला? ब्रिटनमध्ये १९२१ पासून गाडीवरचा कर फक्त बोअर आणि सिलिंडरच्या संख्येवर ठरायचा. स्ट्रोक फुकट! त्यामुळे तिथली इंजिनं अरुंद आणि लांब झाली. अँबॅसेडरच्या इंजिनाचं कूळ ऑस्टिनच्या १९४७ च्या इंजिनाचं. पुढे तो कर गेला, स्ट्रोक राहिला.

आपण हसायचं कारण नाही. २००६ च्या बजेटने चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना एक्साइज सवलत दिली. २०१० मध्ये स्विफ्टचं इंजिन १२९८ वरून ११९७ सीसीवर आलं, स्ट्रोक ७५.५ वरून ७१.५ वर.

कॉलेजात वाटायचं, डिझाइन इंजिनिअर करतो. असो. खिंड आली, सेकंड टाकतो!