स्टेडियममध्ये किती माणसं मावतात?

२६ नोव्हेंबर १९९५, नागपूर. स्कोअरकार्ड सांगतं: न्यूझीलंड ३४८, नेथन अ‍ॅस्टल ११४, भारत ९९ धावांनी पराभूत. दोन डावांमधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळून किमान नऊ प्रेक्षक गेले, हे त्यात नाही. सामना पूर्ण खेळवला गेला.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्या विसरवाडीवरून जाणारा महामार्ग पुढे थेट नागपूरला जातो, म्हणून असेल, ही नोंद डोक्यातून जात नाही.

घराच्या भिंतीने छप्पर पेललं की झालं. स्टेडियमच्या भिंतीला आणि कठड्याला गर्दीचा आडवा रेटाही सोसावा लागतो. हे शहाणपण जगाला स्वस्तात मिळालेलं नाही. १९०२ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर लाकडी स्टँड तुटून २५ जण गेले. पुढे उंच लाकडी सांगाडे मागे पडले. मातीचे भराव आणि काँक्रीट आलं. १९७१ मध्ये त्याच मैदानाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, ६६ मृत्यू. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७३ ची 'ग्रीन गाइड' आणि १९७५ चा कायदा आला. १९८९ च्या हिल्सबरोनंतर मोठ्या फुटबॉल मैदानांत उभं राहायच्या जागा जाऊन खुर्च्या आल्या.

ग्रीन गाइडचा हिशेब मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. किती लोक आत येऊ शकतात, किती सुरक्षित बसतात, किती बाहेर पडतात, आणीबाणीत किती निघतात, असे चार आकडे काढायचे. सर्वांत लहान आकडा हीच स्टेडियमची क्षमता. एरवी सगळे आठ मिनिटांत बाहेर पडले पाहिजेत. म्हणजे खुर्च्या कितीही लावा, दार अरुंद असेल तर तिकिटं कमीच विकायची. आमच्या सर्व्हरचंही असंच असतं.

आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० पासून आहे, पण ती मार्गदर्शक. सक्ती येते ती स्थानिक नियमावलीतून. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे नव्याने बांधलं, तेव्हा मोठ्या स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर उतरली. तिकीट न मिळालेल्यांनी बोटं मोडली असतील, पण उरलेल्यांना हलायला जागा मिळाली.

तरी हिशेब फाटकाशी थांबत नाही. जून २०२५ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून गेले. आणि २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेची तात्पुरती गॅलरी कोसळून शंभरावर जखमी झाले.

मला काळजी आहे ती या तात्पुरत्या गॅलरीची. आपल्या गावाकडच्या स्पर्धांना स्टेडियम नसतं; पाइप, फळ्या आणि मंडपवाला असतो. पुढच्या वेळी वर चढण्याआधी त्याला एवढंच विचारा: यावर किती माणसं बसवायची आणि उतरायला वाटा किती?