घरपोच मालाचा हिशेब

दारांत येणाऱ्या मालाची किंमत ही केवळ मालाची किंमत नव्हे. तींत वाटेचा खर्च, नाकारलेल्या मालाचें नुकसान आणि तो आणणाऱ्याचे श्रम हीं तिन्ही मिसळलेलीं असतात. हा हिशेब आजच्या ऑनलाइन बाजारानें प्रथम मांडला, असें मात्र नव्हे.

पत्राचा खर्च अंतरानें फारसा वाढत नाहीं. तो पत्र घेणें, निवडणें व वांटणें यांतच होतो, हें तत्त्व रोलंड हिल यांनीं इंग्लंडांत इ. स. १८३७ मध्यें मांडलें. पुढें इ. स. १८५४ मध्यें हिंदुस्थानांतहि अंतराचा विचार सोडून हलक्या पत्रास अर्धा आणा हें एकच टपालहंशील ठरलें.

परंतु पत्र निराळें आणि विकावयाचा माल निराळा. मुंबईचा पुस्तकविक्रेता आणि खानदेशांतील वाचक यांची ओळख नसे. आधीं पैसे पाठवावे कीं आधीं माल, हा पेंच होता. इ. स. १८७७ मध्यें सुरू झालेल्या व्हॅल्यू पेएबल पद्धतीनें तो सोडविला. पुडकें हातीं देतांना पोस्टमन किंमत वसूल करी व टपालखातें ती विक्रेत्यास पोंचवी. मराठी घरांत ‘व्ही. पी.नें मागविणें’ हा शब्दप्रयोग पुढें रूढच झाला. ही सोय स्वस्त पडे, कारण पत्रें घेऊन पोस्टमन त्या आळींत जाणारच असे. एका पुडक्यानें त्याचा फेरा वाढत नसे. मात्र गिऱ्हाइकानें व्ही. पी. नाकारली, तर माल परत येई आणि हंशिलाचा भुर्दंड विक्रेत्यास बसे.

इ. स. २००७ मध्यें बंगलोरांत पुस्तकविक्रीनें आरंभ केलेल्या फ्लिपकार्टनें इ. स. २०१० मध्यें ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली, तेव्हां जुनी व्ही. पी.च नव्या वेषांत आली. तिच्यासवें तो भुर्दंडहि आला. भेद एवढाच कीं, केवळ माल वाहणाऱ्या कंपनीच्या माणसाजवळ पत्रांची पिशवी नसते. एका वस्तींत दहा पुडकीं वांटलीं तर फेऱ्याचा खर्च दहांत विभागतो. एकच असेल तर सारा त्या एकावर पडतो. अमेरिकेंत घरपोच वाणसामान देणारी वेबव्हॅन ही कंपनी इ. स. १९९९ मध्यें मोठाल्या वखारी बांधून पुढें आली. परंतु त्या मानानें मागणी विरळ राहिली आणि इ. स. २००१ मध्यें तिचें दिवाळें निघालें.

‘घरपोच मोफत’ म्हणजे खर्च नाहींसा झाला असें नव्हे. तो कोणाच्या तरी माथीं बसतो. कांहीं मालाच्या किंमतींत शिरतो, कांहीं भांडवलदाराच्या तोट्यांत, आणि पुष्कळदां उरलेला पुडकें आणणाऱ्याच्या अंगावर येतो. पगारी पोस्टमनचा फेरा रिकामा गेला तरी त्याचें वेतन बुडत नसे. आज पुडक्यामागें मोबदला मिळविणाऱ्या तरुणाला बंद दारापुढें गेलेला वेळ आणि पेट्रोल हीं बहुधा स्वतःच सोसावीं लागतात. इ. स. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें ‘गिग कामगार’ ही संज्ञा प्रथम कायद्यांत घातली आणि त्यांच्या निधीसाठीं कंपन्यांच्या वार्षिक उलाढालींतून शेंकडा १ ते २ भाग घेण्याची तरतूद केली. अर्ध्या आण्याच्या पत्राचा खर्च कोणीं उचलावा, हें १८५४ सालीं राज्यानें ठरविलें होतें. घरपोच मालाविषयीं तो निर्णय आतां कोठें होऊं लागला आहे.