गजांआडची नजर : रिल्के यांची ‘पँथर’ आणि पॅरिसचे प्राणिसंग्रहालय

बंदिस्त प्राण्यांवरील कवितेकडे आपण बहुधा करुणेचा उद्गार म्हणून पाहतो. जर्मन कवी राइनर मारिया रिल्के (१८७५-१९२६) यांच्या ‘पँथर’ या कवितेचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाचे साधन म्हणून केला आहे.

शिल्पकार रोदँ यांच्यावर ग्रंथ लिहिण्यासाठी रिल्के १९०२ साली पॅरिसला आले. कवितेच्या उपशीर्षकात त्यांनी ‘जार्दें द प्लांत’ या उद्यानाचे नाव नोंदविले आहे. तेथील प्राणिसंग्रहालय फ्रेंच राज्यक्रांतीचे अपत्य होय. १७९३ मध्ये रस्त्यावरील खेळवाल्यांकडून जप्त केलेले प्राणी तेथे आणले गेले. पाठोपाठ व्हर्सायच्या राजवाड्यातील उरलेसुरले प्राणीही आले. राजाची मालमत्ता राष्ट्राची झाली, पिंजरा मात्र कायम राहिला. क्रांतीच्या इतिहासग्रंथांत या विसंगतीची दखल क्वचितच घेतलेली आढळते.

अवघ्या बारा ओळींच्या या कवितेत दयेचा एकही शब्द नाही. सतत सरकणाऱ्या गजांनी थकलेली नजर, अगदी लहान वर्तुळात फिरणारी पावले आणि डोळ्यांतून आत शिरून हृदयाशी विझणारी एखादी प्रतिमा, एवढेच कवी नोंदवितो. पिंजऱ्याबाहेरचा प्रेक्षकही त्याने वगळला आहे. आमच्या मते कवितेचे खरे सामर्थ्य या वगळण्यात आहे. कारण त्यामुळे वाचकाला गजांच्या बाहेर उभे राहण्यास जागाच उरत नाही.

ही कविता ज्या ‘नवीन कविता’ या संग्रहात समाविष्ट झाली तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक असलेले प्राणिसंग्रहालय उघडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे योग्य ठरणार नाही. हागेनबेक हे प्राण्यांचे मोठे व्यापारी होते आणि खंदकामुळे देखावाही अधिक खुलत असे. गज गेले म्हणजे बंदिवास संपला असे नव्हे. प्राण्याला जागा किती मिळते यापेक्षा त्या जागेत काय आहे हे महत्त्वाचे, असा विचार स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. कवीने टिपलेल्या त्या येरझाऱ्यांना आज प्राणिवर्तनशास्त्रात बंदिवासजन्य पुनरावृत्त वर्तन मानले जाते.

टेड ह्यूज यांच्या १९५७ च्या संग्रहातील ‘जग्वार’ या कवितेत मात्र वगळलेला प्रेक्षक परत येतो. तेथे पिंजऱ्यासमोर गर्दी खिळून उभी आहे आणि जग्वारच्या लेखी पिंजरा अस्तित्वातच नाही. ही कल्पना तेजस्वी खरी. परंतु बंदिवान प्राण्याच्या वतीने हा विजय कवीने परस्पर घोषित केला आहे, ही शंका राहतेच. रिल्के यांच्या पँथरला असा कोणताही विजय मिळत नाही.