कॅथरीनचे मोडके चाक

मंडळाच्या गोव्याच्या सहलीविषयी स्मरणिकेत काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. समुद्र आणि मासळी यांविषयी इतर भगिनी लिहितीलच. मी लिहिते आहे ते जुन्या गोव्यातील एका कोनाड्याविषयी.

मांडवीच्या धक्क्याकडून जुन्या गोव्यात शिरताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्कु द गामा याने ती १५९९ साली उभारली. नदीच्या बाजूस पणजोबांचा पुतळा, आणि शहराच्या बाजूस कोनाड्यात हाती तलवार घेतलेली एक स्त्री. तिच्या पायाखाली पूर्वेकडील वेशातला एक पुरुष आडवा पडलेला. आमच्या वन्सं चटकन म्हणाल्या, "माय वो! हे तं आपली महिषासुरमर्दिनीच!" अंबादेवीच्या गावच्या बायका आम्ही, दुसरे काय सुचणार?

ती संत कॅथरीन, असे तेथे सांगतात. वीणा दिसली की आपण सरस्वती ओळखतो, चूक दाखवावी लागत नाही. ख्रिस्ती चित्रांतही अशीच खुणांची भाषा आहे. किल्ल्या पीटरच्या, पांढरे लिलीचे फूल मेरीचे, खजुरीची झावळी धर्मासाठी प्राण दिलेल्यांची. चित्रांनी लोकांना धर्म शिकवावा, असे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरविले. त्यानंतरच्या शतकात, ज्याला बरोक काळ म्हणतात त्यात, चित्रकारांनी काळोखात एकाच बाजूने उजेड पाडून या खुणा काळजाला भिडतील अशा रंगविल्या.

कॅथरीनची कथा अशी. आलेक्झांड्रियाची ही विदुषी राजकन्या. तिने पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरविले. (मला आपली गार्गी आठवली, पण तिला याज्ञवल्क्यांनी थांबविले, हिला कोणालाच थांबविता आले नाही!) रोमी बादशहाने चिडून तिला खिळ्यांच्या चाकावर घालण्याची आज्ञा दिली. तिचा स्पर्श होताच चाकच मोडले, तेव्हा तलवारीने तिचा शिरच्छेद केला. म्हणून तिच्या चित्रांत चाक, तलवार आणि झावळी. कधी पायाखाली तो बादशहाही असतो. ही बाई खरोखर होऊन गेली काय, याविषयी इतिहासकार साशंकच आहेत.

मग गोव्यात तिच्या पायाखाली पूर्वेकडचा माणूस कसा आला? तिचा सण २५ नोव्हेंबरला. १५१० साली नेमक्या त्याच दिवशी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. विजयाचे श्रेय तिला दिले गेले, आणि पुढे से कॅथेड्रलही तिलाच वाहिले. तेथील मुख्य वेदीवर सोनेरी कोरीव फलकांत तिचीच कथा आहे. म्हणजे छळ करणाऱ्या बादशहाला पायाखालून काढून तेथे जिंकलेल्या माणसाला घातले! त्या राजवटीत गोव्यातील देवळे पाडली गेली, हे ठाऊक असता तो कोनाडा पाहून मला रागच आला, हे कबूल करते.

घरी आल्यावर हे सारे सूनबाईला सांगितले. तिने मला दोन चित्रे काढून दाखविली. पहिले काराव्हाज्जोचे, कमान बांधली त्याच सुमारास रोममध्ये रंगविलेले. चाक, तलवार, झावळी, सारे आहे. पायाखाली मात्र कोणी नाही.

दुसरे चित्र आर्तेमिझिया जेन्तिलेस्कीचे. ही चित्रकाराची मुलगी, जन्म १५९३. वडिलांबरोबर काम करणाऱ्या एका चित्रकाराने १६११ साली तिच्यावर बलात्कार केला. पुढील वर्षी खटला चालला, तेव्हा खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी दोऱ्या आवळल्या त्या तिच्याच बोटांना. चित्रे काढणारी बोटे ती! तरी तिने जबानी बदलली नाही. त्या माणसाला शिक्षा सांगितली गेली, पण ती नीट अंमलात आलीच नाही. नंतर काही वर्षांतच फ्लॉरेन्समध्ये तिने कॅथरीन रंगविली आणि तिला चेहरा दिला स्वतःचा. एक हात मोडक्या चाकावर टेकलेला. दुसऱ्या हातात झावळी, कुंचला धरावा तशी बोटांच्या चिमटीत. नजर सरळ आपल्याकडे. २०१८ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने हे चित्र विकत घेतले.

वन्संनाही मी ते दाखविले, आणि दोऱ्यांची हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा लावून चिमटीतल्या त्या झावळीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "मोडलं ना मेलं ते चाक!"