शिक्षेचं बिल

पोलीस बजेट म्हटलं की गाड्या, पगार आणि कॅमेरेच डोळ्यासमोर येतात. पण बिल कोणाच्या नावावर फाटतं, हेही बघायला हवं.

१८६१ च्या पोलीस कायद्यातलं कलम १५ वाचा. एखादा भाग 'अशांत' ठरवायचा, तिथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्याच रहिवाशांकडून वसूल करायचा! मुंबई इलाख्याच्या स्वतंत्र कायद्यातही ही सोय होतीच.

२२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या घरझडत्यांनी लोक आधीच पिचलेले. दामोदर चाफेकर पकडले गेले नंतर, पण त्याच्या कितीतरी आधी शहरात जादा पोलीस आले होते, आणि खर्च पुणेकरांच्या डोक्यावर! म्हणजे गुन्हेगार ठरण्याआधीच दंड, तोही अख्ख्या गावाला. टिळकांनी 'केसरी'तून सरकारला धारेवर धरलं ते उगाच नाही.

बरं, एवढ्या धाकाने पोलीस खातं सुधारलं का? १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशनला ते अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमीच दिसलं.

असो. पुढच्या वेळी पोलिसांच्या खर्चाचा आकडा वाचाल तेव्हा एवढंच विचारा: हा पैसा कोणाची भीती घालवायला चाललाय, लोकांची की सरकारची?