एक्के नंबर, सब्बो बर : आणीबाणीचा फोन उचलणाऱ्यांचा इतिहास

आज आपल्याला रायपूरला जायचं आहे.

रायपूर म्हटलं की इतिहासात रस असलेल्या मराठी माणसाला नागपूरकर भोसले आठवतात, रतनपूरचे बिंबाजी आठवतात. आजचा विषय तेवढा जुना नाही. सप्टेंबर 2018 मध्ये छत्तीसगडात डायल 112 सुरू झालं. पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी एकच क्रमांक. त्याचं घोषवाक्य खास छत्तीसगढीत होतं : ‘एक्के नंबर, सब्बो बर’. ‘बर’ म्हणजे साठी. एकच नंबर, सगळ्यांसाठी. आता गंमत बघा, राज्यात तेव्हा 27 जिल्हे होते आणि सेवा सुरू झाली 11 जिल्ह्यांत. म्हणजे ‘सब्बो’ हा शब्द जरा घाईने वापरला होता. पण ते सोडून देऊ.

रायपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात या सेवेचं नियंत्रण केंद्र आहे, त्याला सी-फोर म्हणतात. फोन तिथे येतो. कॉल टेकर तो घेतो, माहिती विचारतो, संगणकात एक ‘इव्हेंट’ तयार करतो. तो इव्हेंट डिस्पॅचरच्या पडद्यावर जातो. डिस्पॅचर नकाशावर बघतो, सगळ्यात जवळची गाडी कुठली आहे ते, आणि तिला पाठवतो. ऐकायला अगदी सरळ वाटतं.

आता समजा फोन आला, ‘नवागांवमधून बोलतोय, लवकर या.’ छत्तीसगडात नवागांव किती आहेत, हे त्या भागातल्या कुणालाही विचारा; हसेल तो. आपल्याकडे जशा ठिकठिकाणी नव्या वाड्या आणि वडगावं, तसंच. मग पुढचा प्रश्न येतो, कुठलं नवागांव? तहसील कोणती? माणूस घाबरलेला असतो, समोर कुणीतरी रक्तात पडलेलं असतं, तो सांगतो, ‘तरियाजवळ, मोठ्या पाऱ्यात.’ तरिया म्हणजे तळं, पारा म्हणजे वस्ती. प्रत्येक गावात तरिया असतो आणि प्रत्येक गावात पारा असतो. मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाणाचा अंदाज येतो खरा, पण ग्रामीण भागात टॉवर दूरदूर असतात, अंदाजाचा घेरही तेवढाच मोठा. शेवटी ठिकाण सापडतं ते फोनवरच्या माणसाच्या डोक्यात. रस्त्याला लागून दारूचं दुकान आहे का? शाळा कुठल्या बाजूला? बाजार कुठल्या वारी भरतो? हे प्रश्न कुठल्याही यंत्राने सुचवलेले नसतात. ते चार वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सुचतात.

आणि भाषा! फोन रायपूरला येतो, पण बोलणारा तीनशे किलोमीटरवरच्या जगदलपूरच्या बाजूचा असू शकतो. तो हल्बी बोलेल, गोंडी बोलेल. हल्बी आपल्याला अर्धीमुर्धी कळेल. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात जागा दिली होती. गोंडी मात्र द्राविडी कुळातली, हिंदीवाल्याला एक अक्षर कळणार नाही.

या खुर्चीतल्या माणसाचा इतिहास आज मला सांगायचा आहे. नंबरांचे इतिहास बरेच आहेत. गाड्यांना हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो तर ढिगाने आहेत. फोन उचलणाऱ्यांचा इतिहास त्या मानाने कुणी सांगत नाही.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. नोव्हेंबर 1935. विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली. शेजाऱ्याने फोन लावला, पण टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्याचा फोन इतर सगळ्या फोनांच्या रांगेत लागला. त्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. शेजाऱ्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, त्यावरून गाजावाजा झाला, समिती नेमली गेली, आणि 30 जून 1937 ला 999 सुरू झालं. जगातला असा पहिला नंबर म्हणतात तो हाच. 999 लावलं की एक्सचेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. भोंगा इतका कर्कश की तिथे काम करणाऱ्या मुली हैराण झाल्या. मग त्या भोंग्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबण्यात आला! मला हा तपशील फार आवडतो. आणीबाणीच्या फोनवर काम करणाऱ्यांसाठी कामाच्या जागी झालेली ही पहिली सुधारणा असावी. पहिल्या आठवड्यात 1,336 फोन आले, त्यातले 91 निव्वळ थट्टेचे. म्हणजे हा त्रासही पहिल्या आठवड्यापासूनचा आहे. आज आपल्याकडे 112 किंवा 108 वर काम केलेल्या कुणाशीही बोला. रिकामे फोन, लहान मुलांनी लावलेले फोन, दारू पिऊन दिलेल्या शिव्या हे सगळं दिवसभर झेलून, त्यातच मधे एक खरा फोन असतो. तो ओळखायचा असतो.

अमेरिकेत 911 चा पहिला फोन अलाबामातल्या हेलीव्हिल गावी 16 फेब्रुवारी 1968 ला झाला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं हे काम म्हणजे निरोप्याचं काम, असंच समजलं जायचं. फोन घ्या, पत्ता लिहा, पुढे द्या. ती समजूत बदलली दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे सॉल्ट लेक सिटीचे डॉ. जेफ क्लॉसन. अग्निशमन दलाबरोबर काम करताना, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी कार्डांचा एक संच तयार केला. छातीत दुखतंय, तर हे कार्ड. मूल गुदमरलंय, तर हे. कुठले प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे आणि गाडी पोहोचेपर्यंत फोनवरून काय करायला सांगायचं, हे त्यावर लिहिलेलं. दुसरी गोष्ट वाईट आहे. जानेवारी 1984, डॅलस शहर. एका माणसाने फोन केला, सावत्र आईला श्वास घेता येत नाही. फोनवर प्रशिक्षित नर्स होती. ती म्हणाली, मला त्यांच्याशीच बोलायचंय. तो म्हणाला, त्यांना बोलता येत नाहीये. वाद वाढत गेला, गाडी निघायला उशीर झाला, आणि बाई गेल्या. ते संभाषण रेकॉर्ड झालेलं होतं. देशभर खळबळ उडाली. पुढे समाजशास्त्रज्ञांनी ते वाक्यावाक्याने तपासलं आणि 1988 मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. त्यांचं म्हणणं असं, की नर्स एक रीत पाळत होती, फोन करणारा वेगळ्याच अपेक्षेने बोलत होता, आणि दोघांचं बोलणं एकमेकांत अडकून बसलं. ज्ञान होतं, पदवी होती. फोनवर ऐकायचं कसं, हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळं शिकवावं लागतं, हे त्या एका फोनने दाखवलं. क्लॉसनची कार्डं त्यानंतर झपाट्याने पसरली.

आता भाषेकडे परत येतो. 1994 साल, लॉस एंजेलिस पोलिसांचं 911 केंद्र. रात्रपाळीला स्पॅनिश बोलणारी एकच बाई, नॉर्मा टोरेस. एका घरातून आलेला फोन स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाची वाट बघत वीस मिनिटांहून जास्त वेळ ताटकळला. टोरेसने तो घेतला तेव्हा पलीकडे अकरा वर्षांची मुलगी होती, आणि टोरेसच्या कानात तिचा खून झाला. ही बाई नंतर गप्प बसली नाही. नोकरीवर असतानाच तिने आवाज उठवला, दोन भाषा येणारे लोक नेमा म्हणून. संघटनेत गेली, राजकारणात गेली, 2014 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आली. 2019 मध्ये तिने एक विधेयक मांडलं. मागणी ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? अमेरिकी सरकारच्या व्यवसायांच्या यादीत 911 वाले कार्यालयीन आणि कारकुनी कामांच्या गटात आहेत, टॅक्सी पाठवणाऱ्यांच्या शेजारी. त्यांना पोलीस आणि अग्निशमनवाल्यांच्या गटात न्या, एवढीच मागणी. यादीतल्या जागेवर पगाराची श्रेणी, निवृत्ती, मानसिक उपचारांचा खर्च, प्रशिक्षणाचा निधी यांचा विचार ठरत असतो. टेक्सास राज्याने 2019 मध्येच आपल्या कायद्यात त्यांना ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हटलं.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा आणि उलट्या टोकाने सुरू झाला. 15 ऑगस्ट 2005 ला हैदराबादहून 108 सुरू झालं. छत्तीसगडात ते जानेवारी 2011 मध्ये ‘संजीवनी एक्सप्रेस’ या नावाने आलं, नंतर गरोदर स्त्रियांसाठी 102 ची ‘महतारी एक्सप्रेस’. महाराष्ट्रात 108 आलं 2014 मध्ये. या सेवेने शब्द मोठे छान दिले. चालकाला ‘पायलट’. गाडीतल्या माणसाला ‘ईएमटी’. फोन घेणाऱ्याला ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स ऑफिसर’, ऑफिसर! प्रशिक्षणही झालं, नाही असं नाही. पॅरामेडिक घडवायला स्टॅनफर्ड विद्यापीठाची मदत घेतली गेली. पण सरकारने सेवा दिली ठेक्यावर आणि माणसं आली ठेकेदाराची म्हणून.

दुसरीकडे पोलिसांचा धागा. डिसेंबर 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर एकाच क्रमांकाची मागणी जोरात आली. ट्रायने एप्रिल 2015 मध्ये 112 ची शिफारस केली. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने, 2016 मध्ये उत्तर प्रदेशाने डायल 100 ची मोठी केंद्रं उभी केली, 2018 मध्ये रायपूर, आणि 2021 मध्ये महाराष्ट्राची महापे आणि नागपूरची केंद्रं आली. तिथेही फोन घेण्याचं काम बऱ्याच राज्यांत बाहेरच्या कंपनीकडे गेलं.

याचा परिणाम काय होतो, ते छत्तीसगडात दिसलं. 2018 मध्ये 108 आणि 102 चे कर्मचारी संपावर गेले. ठेका पद्धत बंद करा, ही मुख्य मागणी. पुढच्याच वर्षी 108 चा ठेका एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे गेला. ठेका संपला की गाड्या सरकारच्या राहतात, क्रमांक सरकारचा राहतो, सॉफ्टवेअर बदलून मिळतं. नवागांव कुठलं हे ओळखणारी माणसं मात्र कुणाच्याच मालमत्तेच्या यादीत नसतात. नव्या कंपनीने घेतली तर राहिली, नाही तर गेली. आणि घेतली तरी नव्याने रुजू म्हणून. आधीची सात वर्षं हिशेबात धरायचं बंधन कुणावर? मला विचाराल तर प्रशिक्षणाचा प्रश्न आणि नोकरीच्या दर्जाचा प्रश्न हे दोन नाहीतच. दर पाच-सात वर्षांनी शिकलेली माणसं सांडून टाकणाऱ्या व्यवस्थेत तुम्ही कितीही कार्यशाळा घ्या.

लखनौचं उदाहरण तर ताजं आहे. नोव्हेंबर 2023. यूपी-112 च्या शेकडो मुली रस्त्यावर बसल्या. पदाचं नाव ‘संवाद अधिकारी’, पगार बारा हजारांच्या आसपास, मागणी अठरा हजारांची. ठेकेदार कंपनी नुकतीच बदललेली. दिवसरात्र लोकांचे फोन पोलिसांपर्यंत पोहोचवणाऱ्या या मुलींवर पोलिसांनीच गुन्हा नोंदवला. विभागाच्या प्रमुखांची बदली झाली आणि वृत्तपत्रांचं लक्ष दुसरीकडे गेलं.

कायदा इथे दोन तोंडांनी बोलतो. संप मोडायचा असतो तेव्हा आरोग्यसेवा अत्यावश्यक असते; छत्तीसगडात त्यासाठी मध्य प्रदेशाकडून आलेला 1979 चा कायदा आहे, आपल्याकडे मेस्मा आहे. पगार ठरवायचा असतो तेव्हा तेच काम कॉल सेंटरचं होतं. 2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात गाडीतला इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट व्यवसाय म्हणून आला. म्हणजे त्याची नोंदणी होऊ शकते, अभ्यासक्रम ठरू शकतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ओळख नेता येते. त्याच अपघाताचा फोन घेणारा, नाडी बघ, कुशीवर वळव, रक्त थांबव असं सांगणारा त्या परिशिष्टात नाही.

मनावरच्या ताणाचंही तसंच. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ जी व्याख्यांची पोथी वापरतात तिच्यात, कामाचा भाग म्हणून वारंवार भीषण तपशिलांना सामोरं जाणं हे आघातोत्तर ताणाचं कारण धरलं आहे. प्रत्यक्ष तिथे हजर असण्याची अट नाही. फोन घेणाऱ्याची आणखी एक अडचण असते, त्याला शेवट कळत नाही. किंकाळी ऐकली, गाडी पाठवली, लाइन कटली, पुढचा फोन. ती बाई वाचली का, हे त्याला सांगायची कुणाची जबाबदारी नसते.

काय करता येईल, हे रायपूरपुरतं बोलायचं तर फार पैशांचंही नाही. निविदेत एक अट घालता येते, की ठेका बदलला तरी अनुभवी कॉल टेकर सेवाकाळासह पुढे घेतले जातील. हल्बी, गोंडी, कुडुख बोलणाऱ्या प्रत्येक पाळीत किती व्यक्ती हव्यात, हा आकडा गाड्यांच्या आकड्याशेजारी छापता येतो. पाळी संपल्यावर आपल्या इव्हेंटचं पुढे काय झालं, हे पडद्यावर बघायची सोय सॉफ्टवेअरमध्ये करता येते. या निविदा सरकारी संकेतस्थळांवर असतात, कुणालाही उतरवून घेता येतात. तुमच्या राज्यातली पुढची निघेल तेव्हा गाड्यांच्या आणि यंत्रांच्या तपशिलांची पानं मोजा, आणि मग मनुष्यबळाचं पान काढून त्यात किती ओळी आहेत तेही मोजा.