केतकरांचे दोन ग्रह

नेपच्यूनपलीकडे ग्रह असेल काय, या प्रश्नाचा शोध ‘ज्योतिर्गणित’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं दुर्बिणीनें नव्हे, गणितानें घेतला. गुरूच्या उपग्रहांविषयींचा लाप्लासचा सिद्धांत आधारास घेऊन त्यांनीं १९११ सालीं एका फ्रेंच ज्योतिषपत्रिकेंत दोन ग्रहांचें भाकित केलें. पैकीं एकाचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षें होता.

१९३० सालीं अमेरिकेंत टॉम्बो यांना प्लूटो गवसला. त्याचें सरासरी अंतर ३९.५ पट, काल २४८ वर्षें. त्याच वर्षीं केतकर निवर्तले. भाकितांतील दुसरा ग्रह मात्र सांपडला नाहीं. २००६ सालीं प्लूटोचेंहि ग्रहपद जाऊन लघुग्रहांच्या यादींत त्याला १३४३४० हा क्रमांक मिळाला.

एका जुळणीवरून सिद्धांत ठरत नाहीं. परंतु आंकडे आधीं छापून ते पडताळ्यास मोकळे ठेवणें, ही शास्त्राची पहिली अट केतकरांनीं पाळली होती.